पिवळ्या रांगेतले नातेवाईक

नोंद असावी म्हणून लिहिण्यात येते की शनिवार, दिनांक ७ फेब्रुवारी रोजी, दुपारच्या चहाच्या सुट्टीपूर्वी, विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळा क्रमांक दोनमध्ये, खिडकीलगतच्या यंत्रावर बसलेल्या एका विद्यार्थिनीचे सर्व रंग नष्ट झाले. ते कोणी चोरले नाहीत, यंत्र बिघडले नाही, वीजही गेली नव्हती. विद्यार्थिनीने कार्यपत्रिकेच्या चौथ्या पानावरील सूचना एकही शब्द न गाळता पाळल्या, एवढाच तिचा अपराध. सूचना अशा होत्या: फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करा, जुनी प्रत काढून टाका, एकाच माहितीच्या दोन प्रती बाळगू नका. साध्या मजकुरात रंग टिकत नाहीत, हे सांगणारी ओळ त्या पानावर नव्हती. जागा नव्हती म्हणावे, तर पानाच्या तळाशी चार बोटे जागेत विद्यापीठाचे बोधचिन्ह छापलेले होते, आणि तेही रंगीत.

नुसती तक्रार असती तर ती विद्यापीठाच्या सूचनापेटीत पडून तिथेच सुखाने नांदली असती. त्या पेटीचे कुलूप केव्हाच गंजले आहे. परंतु त्या रंगांवर एका बाईची खुर्ची अवलंबून होती. म्हणून हकिकत मुळापासून सांगणे भाग आहे.

ज्यांचे रंग गेले त्यांना सगळे वहिनी म्हणतात. त्यांचे धाकटे दीर एका ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. मालक वहिनी म्हणतात म्हणून शिकवणारे म्हणतात, शिकवणारे म्हणतात म्हणून शिकणारे म्हणतात, आणि परवाना कार्यालयातला त्यांच्या वडिलांच्या वयाचा शिपाईसुद्धा फोनवर "वहिनी, आज साहेब रजेवर आहेत" असेच सांगतो. स्कूल म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. आत शिरताच बाकडे. बाकड्याच्या वर भिंतीला वाहतूकचिन्हांचा तक्ता, ज्यातले 'पुढे धोक्याचे वळण' नेमके पंख्याच्या वाऱ्याने दुमडलेले. कोपऱ्यात भंगारातल्या गाडीचे स्टिअरिंग, गिअर आणि तीन पेडल बसवलेली एक खुर्ची, जिच्यावर वाट पाहणाऱ्यांची मुले तोंडाने घूं घूं करीत जगभर फिरून येत. आणि काउंटरामागे वहिनी.

वहिनींचे खरे काम जोड्या जुळवण्याचे. स्कूलमध्ये शिकवणारे दोन. एक भोंगाकाका: बंद काचांतून त्यांचा आवाज पलीकडच्या चौकात ऐकू जाई आणि लोक हॉर्न समजून बाजूला होत. घशासाठी त्यांच्या खिशात सदैव गोळ्यांची पुडी. दुसरी ब्रेकबाई: शिकवणाऱ्याच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो त्याच्यावरून तिचा पाय कधी उठत नसे, रस्त्यावर पान पडले तरी गाडी उभी. तिच्याकडे शिकणाऱ्याला गाडी आपण थांबवली की बाईंनी, हे परवाना मिळेपर्यंत कळत नसे. आलेल्या माणसाला या दोघांपैकी कोणाच्या हवाली करायचे, हे वहिनी पाहताक्षणी ठरवत आणि संगणकावरच्या शीटमध्ये त्याच्या रांगेला रंग देत. बोलघेवडा असेल तर गुलाबी. रस्त्याची समज उपजत असेल तर हिरवा. तास रद्द करण्याची खोड असेल तर करडा. आणि क्लचवर ज्याचा डावा पाय थरथरतो, तो पिवळा.

हा पिवळा रंग वहिनींच्या घरचाच. लग्न नवे होते तेव्हा त्यांच्या यजमानांनी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती. नवऱ्याकडून गाडी शिकणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी भोगलेले नाही त्यांनी ईश्वराचे आभार मानावेत. तिसऱ्या दिवशी भर चढावर गाडी बंद पडली, मागून दहा हॉर्न आणि शेजारून अकरावा. वहिनी गाडीतून उतरल्या, दार लावले आणि पायी घरी आल्या. पुढे आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढले, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. मात्र कोणाचा पाय तसा थरथरताना दिसला की त्यांचा हात आपसूक पिवळ्याकडे जाई, आणि शक्यतो तो माणूस ब्रेकबाईकडे. तिकडे जागा नसेल तर निरुपायाने भोंगाकाकांकडे.

दोन्ही शिक्षक रोज सकाळी काउंटरवरून मान आत घालून पडदा पाहत, आपापल्या रांगा टिपत आणि किल्ल्या घेऊन जात. व्यवस्था सुरळीत चालली होती. मग पावसाळा संपता संपता, ड्रायव्हिंग स्कूलांना संगणक-प्रणाली विकणारा, टाय बांधलेला एक सिस्टिमवाला आला.

"यात जोड्या आपोआप लागतात," त्याने सांगितले. "जो शिक्षक मोकळा, विद्यार्थी त्याच्याकडे."

"आणि ज्याचा पाय थरथरतो तो?" वहिनींनी विचारले.

"कुणाचा पाय?"

"विद्यार्थ्याचा."

सिस्टिमवाल्याने पडद्यावर वरखाली शोधले. "त्याला ऑप्शन नाही, मॅडम. पर्यायी मोबाइल नंबर टाकता येतो."

तो गेल्यावर मालकांनी खुर्ची जवळ ओढली. "वहिनी, राग मानू नका. तुम्ही जोड्या लावता, कष्ट घेता, सगळं मान्य. पण त्यानं फरक पडतो हे कशावरून?"

"अनुभवावरून, भाऊजी."

"अनुभव तर तोही सांगतो. त्याच्याकडे वर आलेख आहेत." मालक डोके खाजवत म्हणाले, "मार्चअखेर सही करायची आहे. तोवर मला आकड्यांत दाखवा. दाखवलंत तर त्याला दारातूनच वाटेला लावतो. नाही तर..."

'नाही तर'च्या पुढचे दोघांनाही समजले होते. यंत्र जोड्या लावणार असेल, तर काउंटरामागे खुर्ची कशाला?

त्याच आठवड्यात वहिनींनी विद्यापीठात नाव घातले. 'व्यवसाय-विश्लेषणासाठी स्प्रेडशीट व डेटाबेस: नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवारचा अभ्यासक्रम.' प्रवेशासाठी तीन खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवत होती, ही बाब स्वतंत्र तक्रारीची आहे. प्रयोगशाळेतल्या खुर्च्या बसल्याबरोबर हळूहळू खाली जात, त्यामुळे तास संपेपर्यंत अख्खा वर्ग हनुवटीने टंकलेखन करीत असे. वातानुकूलन यंत्राचा रिमोट ज्या कपाटात, त्या कपाटाची किल्ली ज्या लिपिकाकडे, तो शनिवारी येत नसे. परंतु अभ्यासक्रम उत्तम होता, हे तक्रारदारालाही नाकारता येत नाही.

शिकवणारे सर वयाने वहिनींच्या भाच्याएवढे, पण शिकवू लागले की त्यांचे हात, भुवया, कोपर, सगळेच शिकवत. "एका चौकटीत एकच गोष्ट," ते म्हणत, "आणि एका गोष्टीला एकच घर." वहिनींच्या शेजारी निळे केस रंगवलेली एक मुलगी बसे. वहिनी तिला निळी म्हणत, ती त्यांना काकू. पहिल्या महिन्यात काकू फॉर्म्युल्यात कंस उघडायच्या आणि बंद करायला विसरायच्या. निळी मुकाट्याने हात लांब करून कंस बंद करी. हिवाळ्यापर्यंत फासे उलटले. एका टेबलातली माहिती दुसऱ्या टेबलाशी कशी जोडायची, हे काकू निळीला समजावू लागल्या: "अगं, विद्यार्थ्यांची यादी वेगळी, शिक्षकांची वेगळी. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे शिक्षकाचा नुसता क्रमांक. क्रमांक धरून त्याचं घर शोधायचं. लग्न जमवण्यासारखंच आहे, फक्त मधल्या माणसाचा चहा वाचतो."

घरीही तोच नाद लागला. ज्या दिवशी माहितीची वर्गवारी करून मोजणी मांडणारे पिव्हट टेबल आले, त्या दिवशी वहिनींनी चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या यजमानांच्या मोज्यांची वर्गवारी केली: रंग, पाय, भोके.

"आता मलाही फिल्टर लावणार की काय?" यजमानांनी विचारले.

"तुम्हाला लावला तर काहीच उरायचं नाही. जेवून घ्या."

प्रकल्पासाठी वहिनींनी अर्थातच आपलीच शीट घेतली. ती प्रथम प्रोजेक्टरवर आली तेव्हा वर्गाने आ वासला. फुलबाग होती ती.

"मॅडम, हे पिवळं काय आहे?" सरांनी विचारले.

"प्रोजेक्टर जुना आहे म्हणून पांढरट दिसतंय, सर. पण पिवळंच आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... पिवळं."

वर्ग हसला. सरही हसले, पण सोडले नाही. "रंग तुम्हाला दिसतो. डेटाबेसला दिसत नाही. त्याच्या लेखी ती सजावट."

"सर, हे वाक्य एकदा सिग्नलजवळ उभं राहून म्हणून बघा."

या वेळी निळी बाक वाजवून हसली. "मान्य," सर म्हणाले, "पण सिग्नलचे तीन रंग अख्ख्या जगाला पाठ आहेत. तुमचे?"

"आमच्या स्कूलमध्ये सगळ्यांना पाठ आहेत," वहिनी ठामपणे म्हणाल्या.

वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

सरांचा उपदेश वहिनींनी मनावर घेतला होता. एका गोष्टीला एकच घर. म्हणून त्यांनी स्कूलच्या संगणकावरची प्रत काढून टाकली आणि शीट फक्त पेन ड्राइव्हवर ठेवली, जी सकाळी काउंटरला आणि शनिवारी वर्गात लागे. जिच्या घरात रद्दी आठवडाभरही टिकत नाही अशा बाईला दोन प्रती बाळगू नका सांगणे, म्हणजे आधीच स्वच्छतेची हौस, त्यात हातात झाडू. सात फेब्रुवारीला चौथे पान उघडले. वहिनींनी फाइल साध्या मजकुरात जतन केली. यंत्राने काहीतरी विचारले. त्यांनी 'होय' म्हटले, कारण चौथ्या पानावर 'होय म्हणा' असे होते. जुनी प्रत पुसली. पेन ड्राइव्हवरून पुसलेले कचरापेटीतसुद्धा जात नाही, थेट दिगंतात जाते. मग त्यांनी नवी फाइल उघडली.

नावे होती. शिक्षक होते, तारखा होत्या, परीक्षेचा निकाल होता. आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे पांढरे फटफटीत.

"सर," वहिनींनी हाक मारली, "माझे पिवळे कुठे गेले?"

सरांनी हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम लावून पाहिला. बराच वेळ घरघरून त्याने एकच वस्तू परत आणली: सोफ्यावर तोंड उघडे टाकून झोपलेल्या यजमानांचा फोटो. निळीने तोंडात ओढणी कोंबली. सर मात्र खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि खुर्चीबरोबर खाली खाली जात म्हणाले, "चूक त्या पानाची आहे, मॅडम. म्हणजे माझीच. पण आता भरायचंच आहे, तर रंग भरू नका. एक कॉलम करा आणि त्याला नाव द्या. रंगाचं नव्हे, अर्थाचं."

वहिनींनी नव्या कॉलमवर लिहिले: पाय थरथरतो.

"आता 'हो' किंवा 'नाही'."

"आणि आठवत नसेल तर?"

"रिकामं. माहीत नाही म्हणजे नाही, असं नसतं. आणि शिक्षकांना विचारा, पण वेगवेगळं बसवून. एकाचं ऐकून दुसऱ्यानं मान डोलवायला नको."

सोमवारी दुपारी बाकडे रिकामे असताना वहिनींनी भोंगाकाकांना समोर बसवले. स्वतःची उत्तरे त्यांनी आधीच भरून ठेवली होती. आता नाव वाचायचे आणि काकांनी रंग सांगायचा.

"काका, तो उंच, लाल मोटरसायकलवाला. त्याची रांग कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी! साहेबांच्या मावशीकडचा ना तो?"

वहिनींचे बोट चौकटीवर थांबले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पिवळा म्हणजे आपल्या साहेबांचं, मालकांचं माणूस!" काकांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "पहिला पिवळा कोण आला होता? साहेबांचा चुलत मेहुणा. त्याच्यामागून? साहेबांच्या बायकोची मैत्रीण. मी म्हटलं, समजलं. शहाण्याला शब्दाचा मार. इथं तर नुसता रंगच पुरला."

"आणि मग पिवळ्यांना तुम्ही शिकवता कसं?"

"नातेवाइकांना शिकवतात तसं. गोड बोलून! उद्या ते जेवायला बसले की साहेबांच्या कानात काय घालतील, सांगता येतं का? 'क्लच हळूच सोडा हं, काही घाई नाही हं...' जीव जातो, वहिनी. पण पोटासाठी करावं लागतं."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना शिकवतो!" काका इतक्या जोरात म्हणाले की दाराची काच वाजली.

वहिनी हसू दाबण्यासाठी टेबलाखाली वाकल्या आणि न पडलेले पेन बराच वेळ शोधत राहिल्या. ब्रेकबाईची पाळी आली तेव्हा आणखी उजेड पडला. हिरवा म्हणजे कच्चा, असे बाई समजत होत्या. "फळ नाही का, पिकलं की रंग बदलतं? हिरवा दिसला की मी पाय उचलतच नाही, वहिनी." म्हणजे रस्त्याची समज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्याच मानेला सर्वांत जास्त झटके. वहिनी इतकी वर्षे ज्या भाषेत हुकूम देत होत्या, ती भाषा स्कूलमध्ये एकट्या त्यांनाच येत होती.

पुढच्या शनिवारी पिव्हट टेबल मांडले: आडव्या रांगांत शिक्षक, उभ्या कॉलमांत पाय थरथरणारे आणि न थरथरणारे, चौकटीत पहिल्या खेपेस उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण. थरथरणारे ब्रेकबाईकडे पाठवले तर तरतात आणि भोंगाकाकांकडे पाठवले तर बुडतात, असे निघायला हवे होते. वहिनींची खुर्ची त्याच एका वाक्यावर उभी होती. निघाले भलतेच. थरथरणारे भोंगाकाकांकडेही तरले होते, बाईंच्यापेक्षा काकणभर अधिकच, दहांतले आठ. बुडाले होते ते काकांकडचे ठणठणीत पायांचे लोक. त्यांतले जेमतेम निम्मे पहिल्या खेपेस पास.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहिनींच्या जोड्यांनी काही फरक पडत नव्हता, हे वहिनींनीच सिद्ध केले होते.

निळी पडद्याकडे आणि काकूंच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहत होती. मग कानाशी येऊन म्हणाली, "काकू, काकांकडचे तेवढे थरथरणारे फिल्टरनं काढून टाका ना. थोडेच तर आहेत. मग बाईंच्या बाजूचा आकडा किती छान दिसतो बघा. कुणाला कळणार आहे?"

वहिनींनी फिल्टर लावून पाहिला, हे लपवण्यात अर्थ नाही. आकडा खरोखरच छान दिसत होता. एक टिचकी आणि खुर्ची शाबूत. पण त्या गाळलेल्या रांगांत एक एक थरथरता पाय होता. लाल मोटरसायकलवाला होता, जो पहिल्या दिवशी गाडीचे दार उघडायलाही तयार नव्हता. सिस्टिमवाल्याला जे ऑप्शनमध्ये सापडले नव्हते, ते आता वहिनी स्वतःच्या हाताने पुसणार होत्या. त्यांनी फिल्टर काढला.

"राहू दे गं. एकदा पुसून बघितलंय, पुरे झालं."

सरांनी टेबल पाहिले, सगळी हकिकत ऐकली आणि त्यांच्या भुवया कपाळावर चढल्या. पण नंतर म्हणाले, "एक शंका आहे. हे आठवणीतून भरलंय. जो पास झाला तो काकांना मागाहून नातेवाईक वाटू लागला, असं तर नसेल?"

"माझं नि काकांचं जुळलं तेवढंच भरलंय, सर. बाकी रिकामं."

"छान केलंत. तरी याला निष्कर्ष म्हणू नका, संशय म्हणा. संशय खरा की खोटा, हे पुढे जे घडेल त्यावरून ठरवा."

वहिनींनी ठरवले. स्कूलच्या पडद्यावर, दोन्ही शिक्षकांच्या सोयीसाठी, पुन्हा रंग आले; शेजारी अर्थाचा कॉलम होता, पण तो वहिनींनी तूर्त झाकून ठेवला. सोमवारपासून भोंगाकाकांकडे जो जो नवा माणूस आला, पाय थरथरो वा न थरथरो, त्याची रांग पिवळी. आणि अळीमिळी गुपचिळी.

पहिल्या आठवड्यात काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काउंटरवरून मान आत घालून पडदा दोनदा पाहिला. तिसऱ्या आठवड्यात त्यांना राहवेना.

"वहिनी, साहेबांचं खानदान आहे की धरण फुटलंय?"

"का हो, काका?"

"सगळेच पिवळे! कालचा तो पहिलवान, गाडीत मावत नाही तो, तोही घरचाच?"

"असेल. मी काय सगळ्यांना ओळखते?"

"बोलून बोलून माझी जीभ मऊ पडली. बायको म्हणते, तब्येत बरी आहे ना? चहा मागताना 'हं' लावता." काकांनी किल्ली उचलली. "गोळ्यांची पुडी महिन्याची उरली, तेवढाच फायदा."

ब्रेकबाईंशी मात्र वहिनी सरळ बोलल्या: हिरवा म्हणजे पिकलेला, पाय उचला. बाईंनी पहिल्या दिवशी डोळे मिटून पाय उचलला. गाडी चालत राहिली, याचेच त्यांना नवल.

सादरीकरण मार्चच्या तिसऱ्या शनिवारी होते. प्रकल्प ज्या व्यवसायाचा, तिथल्या कोणाला बोलावण्याची मुभा होती. मालक आले, पहिल्या रांगेत बसले आणि संथ गतीने बुडू लागले. त्यांची गाडी चालवत आलेले भोंगाकाका दाराशी, हाताची घडी घालून उभे राहिले. वहिनींना हे अपेक्षित नव्हते. पण आता माघार कशी घेणार?

त्यांनी दोन्ही टेबले दाखवली, आठवणीचे आणि नंतरच्या महिन्याचे. नव्या महिन्यात काकांकडचे जे परीक्षेला बसले त्यांत, थरथरणारे असोत वा नसोत, दहांतले आठ पहिल्या खेपेस पास झाले होते. मग त्यांनी झाकलेला कॉलम उघडला आणि पिवळा म्हणजे काय, ते वाचून दाखवले.

"थांबा, थांबा!" दारातून आवाज आला, जुना, बंद काचांतून जाणारा. प्रोजेक्टरही थरथरला. "म्हणजे तो लाल मोटरसायकलवाला साहेबांच्या मावशीकडचा नव्हे?"

"मी त्याला ओळखतसुद्धा नाही," मालक खुर्चीतून कसेबसे मागे वळून म्हणाले.

"अहो, मी त्याला घरी सोडायचो! रोज! उन्हाचा त्रास नको म्हणून!"

वर्ग कोसळला. सरांनी चेहरा वहीमागे लपवला. काका स्वतः काही क्षण विस्तवावर ठेवल्यासारखे लाल झाले, आणि मग पोट धरून हसू लागले, तेही पूर्ण आवाजात. शेजारच्या प्रयोगशाळेतून कोणीतरी काय झाले म्हणून पाहायला आले.

हशा ओसरल्यावर मालक मुद्द्यावर आले. "वहिनी, म्हणजे तुमच्या जोड्यांनी फरक पडत नाही."

"नाही पडत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता. "ओरडण्यानं पडतो."

"मग जोड्या सिस्टिमनं लावल्या तर काय बिघडलं?"

"काही नाही, भाऊजी. तीही लावेल. तुम्ही आकडे मागितले होते, ते हे."

मालकांची खुर्ची आता तळाला टेकली होती आणि त्यांचे गुडघे छातीशी आले होते. "त्या सिस्टिमवाल्यानं मला बारा आलेख दाखवले," ते हळूच म्हणाले, "आणि एकही खाली जात नव्हता. तेव्हाच खटकायला हवं होतं. तुम्ही मात्र पहिलाच आकडा स्वतःच्या विरुद्ध आणलात." त्यांनी उठायचा प्रयत्न केला, निळीने हात दिला. "जोड्या लावायला नको तर नको. पण का, हे विचारायला काउंटरामागे माणूस लागेल मला. आणि तो सोमवारी येतोय सहीला, त्याला तुम्हीच दारातून वाटेला लावा. मला जमत नाही, तो फार गोड बोलतो."

"तो तुम्हाला पिवळे समजत असेल," काका दारातून म्हणाले.

वहिनी उत्तीर्ण झाल्या. सोमवारी त्यांनी सिस्टिमवाल्याला चहा पाजला, थरथरत्या पायाचा ऑप्शन आला का विचारले, आणि नाही म्हटल्यावर दार उघडून धरले. स्कूलच्या शीटवर आता सर्वांत वर एक रांग कायम असते: कोणता रंग म्हणजे काय, सरळ शब्दांत. काउंटरवर तिची छापील प्रतही चिकटवली आहे. भोंगाकाका सगळ्यांशीच 'हं' लावून बोलतात. सवय मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे. मोडू नये, असे परवाना कार्यालयाचे.

परवा शीटमध्ये एक रांग वाढली. विद्यार्थिनी: वहिनी. शिक्षक: भोंगाकाका. पाय थरथरतो: हो. सकाळी रिकाम्या मैदानावर गाडी उभी होती, आणि वहिनींनी स्टिअरिंग असे धरले होते की जणू ते पळून जाईल.

"काका, ओरडू नका हं. मी खरीखुरी नातेवाईक आहे."

"म्हणून तर! एवढी वर्षं कुणावर सराव केला मी? क्लच हळूच सोडा. काही घाई नाही हं."

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली.

आता राहिले ते चौथे पान. सरांनी दुरुस्ती त्याच आठवड्यात लिहून दिली. ती छपाई समितीपुढे आहे, आणि समितीची बैठक कधी, हे सांगणारी खिडकी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवते. तिची वाट पाहत बसण्यात हशील नाही. म्हणून मागणी वाचकांकडेच करण्यात येते. आपल्या कामाच्या टेबलावर आपण जो रंग, जी खूण, जी फुली वापरता, तिचा अर्थ त्याच पानावर लिहा, आणि ते पान पाहणाऱ्या प्रत्येकाला आजच विचारा की त्याला आजवर काय वाटत होते.

उत्तर मिळेपर्यंत जुनी प्रत पुसू नका.